दोन रात्री, दगडी कॉटेज आणि लाकडाचा स्टोव्ह: पानगळीच्या दिवसांतली तयारी

टिपूर

आम्ही दोघं पानगळीच्या दिवसांत दोन रात्रींसाठी गावाबाहेरच्या एका कॉटेजवर जाणार आहोत. शुक्रवारी संध्याकाळी पोचायचं, रविवारी दुपारी निघायचं. घर जुनं, दगडी भिंतींचं, आणि उन्हाळा संपल्यापासून बंद. बैठकीत काचेच्या दाराचा, साधारण ५ किलोवॅटचा लाकडाचा स्टोव्ह आहे, झोपायच्या खोलीत विजेचा हीटर. पाणी विहिरीचं, पंपाने टाकीत चढतं. स्वयंपाकाला गॅस सिलिंडर. मालक किल्ली ठेवून जाणार आहेत, म्हणजे दाखवायला कोणी नसेल.

लाकडाचा स्टोव्ह आम्ही दोघांनीही कधी पेटवलेला नाही. जळण किती लागेल, घर किती वेळात तापेल, आणि आधीपासून काय काय बघून ठेवावं? फिरायला जायचंच आहे, त्याबद्दलही सांगा.

शेकोटी

सगळ्यात आधी वेळ बदला. अंधार पडायच्या किमान दोन तास आधी पोचा. दोनच रात्रींच्या मुक्कामात पहिले दोन तास नीट गेले तर पुढचं सगळं सुखाचं होतं. ते अंधारात चाचपडण्यात गेले तर पहिली रात्र थंडीत जाते आणि शनिवारचा अर्धा दिवस घर वाळवण्यात.

कारण असं की दगडी घरात हवा तासाभरात तापते, भिंती तापत नाहीत. कित्येक आठवडे गार पडलेल्या जाड दगडी भिंतीला ऊब धरायला दहा-बारा तास सहज लागतात, कधी अख्खा दिवस. तोवर हवा २० अंशांवर गेली तरी अंगाला गारवा जाणवतो, कारण आपल्या अंगची उष्णता भिंत ओढून घेत असते. म्हणून पोचल्या पोचल्या एकाने स्टोव्ह धरायचा आणि दुसऱ्याने गाद्या. सामान गाडीतच राहू द्या.

गाद्यांचं आधी सांगते. हाताला गार लागणारी गादी ओली आहे की नुसतीच गार, हे हाताने कळत नाही. गरम पाण्याची पिशवी पांघरुणाखाली दहा मिनिटं ठेवा, मग ती काढून त्याच जागी एक थंड काच मिनिटभर सरकवा, चष्मा किंवा छोटा आरसा चालेल. काचेवर धुकं धरलं तर गादीत ओल आहे. अशी गादी स्टोव्हच्या खोलीत आणून उभी करा, स्टोव्हपासून किमान १ मीटर लांब, आणि दर अर्ध्या तासाने बाजू बदला. पिशवीत उकळतं पाणी ओतू नका. दोन तृतीयांश भरा, वरची हवा दाबून काढा, मग बूच लावा.

आता स्टोव्ह. पेटवण्याआधी चार गोष्टी बघा: धुराड्याची झडप असेल तर ती पूर्ण उघडी आहे का, दाराभोवतीची दोरीसारखी पट्टी जागेवर आहे का, आतल्या विटांना आरपार तडा नाही ना, आणि धुराडं शेवटचं कधी साफ केलं. हे शेवटचं मालकांना निघण्याआधीच विचारून घ्या. वर्षभरात साफ झालेलं नसेल तर पेटवू नका. बंद घराच्या धुराड्यात पक्ष्याचं घरटं असणं अजिबात दुर्मिळ नाही.

पेटवण्याची रीत वरून खाली. तळाशी दोन-तीन जाड लाकडं आडवी, थोडी फट ठेवून. त्यांच्यावर अंगठ्याएवढ्या जाडीच्या पाच-सहा काटक्या, उलटसुलट. सगळ्यात वर बोटाएवढ्या चिरफळ्या दहा-बारा, आणि त्यांच्यात पेटवणीची वडी किंवा कागदाचे पिळलेले बोळे. स्टोव्हला हवा देणाऱ्या खालच्या-वरच्या सगळ्या फटी पूर्ण उघड्या ठेवून वरून काडी लावा. जाळ वरून सुरू झाल्याने धुराडं आधी तापतं, आणि खालच्या लाकडांतून निघणारा धूर जाळातूनच वर जातो, म्हणून तो जळून जातो. खालून पेटवलं तर गार लाकडांतून आधी नुसता धूर निघतो.

तरी खोलीत धूर आला तर घाबरू नका. बहुतेक वेळा धुराड्यात गार हवेचा खांब बसलेला असतो. त्याच खोलीची एक खिडकी बोटभर उघडा, कागदाचा एकच सैल पिळा पेटवून स्टोव्हच्या आत वरच्या तोंडाशी धरा. दोनेक मिनिटांत ज्योत आत ओढली जाताना दिसते आणि हलका घुमल्यासारखा आवाज येतो. मग बाकीचं पेटवा. स्वयंपाकघरातला धूर खेचणारा पंखा त्या वेळी बंद हवा, नाहीतर तो धुराड्यातूनच हवा ओढतो. हे करूनही धूर उलटाच येत राहिला तर नाद सोडा. वाट अडलेली आहे असं समजा.

पहिली पंधरा-वीस मिनिटं हवा पूर्ण उघडी. मग खालची हवा आधी बंद, वरची हळूहळू कमी. ज्योत पिवळी, जिवंत राहिली पाहिजे. ती काळपट, आळसावलेली झाली की हवा कमी पडतेय.

जळणाचा हिशेब: २० टक्क्यांपेक्षा कमी ओल असलेल्या लाकडात किलोमागे साधारण ४ किलोवॅट-तास ऊर्जा असते. बऱ्या स्टोव्हमधून त्यातले ३ खोलीला मिळतात. म्हणजे ५ किलोवॅट मिळवायला तासाला १.७ किलो, सुमारे दीड-दोन लाकडं. शुक्रवारी सात तास, शनिवारी सकाळ-संध्याकाळ मिळून बारा, रविवारी तीन असे धरले तर ३७-३८ किलो होतात. ४५ किलो मागवा, शिवाय ४ किलो काटक्या-चिरफळ्या. चिरफळ्याच नेहमी कमी पडतात. जळण कॉटेजच्या जवळूनच घ्या. दूरवरून नेलेल्या लाकडातून झाडं पोखरणारे किडे नव्या रानात जातात.

सुकं लाकूड ओळखायचं तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा. टणत्कार आला तर सुकं, बदबद आवाज आला तर ओलं. टोकांना किरणांसारख्या चिरा हव्यात, साल सुटत आलेली हवी. पेटल्यावर टोकाला बुडबुडे येऊन फुसफुस होत असेल तर ती ऊब तुम्हाला न मिळता पाणी उकळण्यात चालली आहे.

आडवाट

शेकोटीताईंनी स्टोव्हचं सांगितलंच आहे. मी पाणी, वीज आणि गॅस यांच्यापुरतं लिहितो.

पाणी: महिनाभर नळात साचलेलं पाणी आधी सोडून द्यायचं. प्रत्येक नळ, गार आणि गरम दोन्ही, पाच मिनिटं. शॉवर मात्र तसाच सुरू करून समोर उभे राहू नका. २० ते ४५ अंशांच्या कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि ते तुषारांतून श्वासात गेले की न्यूमोनिया होतो. शॉवरचं डोकं पाण्याच्या बादलीत बुडवून धरा किंवा त्यावर तळाला छोटं भोक पाडलेली पिशवी बांधा, खिडकी उघडा, मग सोडा. गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर तापू द्या आणि त्या पाण्याने पुन्हा एकदा सगळं धुऊन काढा. ६० अंशांचं पाणी अंगावर घेऊ नका, भाजतं.

विहिरीचं पाणी प्यायला वापरायचं तर खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट उकळा, २००० मीटरच्या वर असाल तर ३ मिनिटं. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट किंवा रसायनं जात नाहीत. शेताच्या मधोमध असलेल्या विहिरीचं पाणी तपासलेलं नसेल तर पिण्यापुरतं पाणी सोबत न्या. माणशी दिवसाला ३ लिटर धरा, दोघांना १५ लिटर पुष्कळ झालं.

पंप सारखा चालू-बंद होत असेल, तेही नळ बंद असताना, तर कुठेतरी गळती आहे किंवा दाबाच्या टाकीतली हवा गेलेली आहे. पंप तसाच चालू ठेवून झोपू नका. लागेल तेवढं भरून घ्या आणि मुख्य स्विच बंद करा.

वीज: २००० वॅटचा हीटर आणि २००० वॅटची किटली एकाच वेळी लावली तर २३० व्होल्टवर १७ अँपिअरच्या वर जातं. १६ अँपिअरच्या सर्किटला हे जास्त आहे. फ्यूज लगेच जाणार नाही कदाचित, पण प्लग आणि वायर तापत राहते. किटली लावायची तर हीटर पाच मिनिटं बंद करा. हीटर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा, गुंडाळलेल्या एक्स्टेन्शनवर कधीच नाही. वेटोळ्यात उष्णता कोंडते आणि वेष्टण वितळतं. फ्यूज बोर्ड कुठे आहे ते उजेड असतानाच बघून ठेवा.

गॅस: सिलिंडर बाहेर आणि थंडी शून्याच्या जवळ असेल तर त्यात ब्युटेन आहे की प्रोपेन हे महत्त्वाचं. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, म्हणजे त्याच्या खाली त्याचा वायूच होत नाही. सिलिंडर भरलेला, पण शेगडी मिणमिणती, असं होतं. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत चालतो. ब्युटेन असेल आणि शेगडी मंद झाली तर सिलिंडर गरम पाण्याने किंवा ज्योतीने तापवू नका, घरात तर आणूच नका. ऊन यायची वाट बघा. रेग्युलेटरच्या जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघणं हे पहिल्या चहाच्याही आधी.

टिपूर

खूपच उपयोगी, दोघांचेही आभार. निघण्याची वेळ दुपारची केली आहे. एक शंका राहिली. रात्री झोपताना स्टोव्हचं काय करायचं? सकाळपर्यंत निखारे राहिले तर बरं होईल. आणि काच काळी होते म्हणतात, ती कशाने?

गारठा

झोपताना दोन मोठी लाकडं टाका आणि हवा पूर्ण बंद करून टाका. रात्रभर धुमसत राहतं, सकाळी नुसतं हलवलं की पेटतं. काच ओल्या कागदावर राख घेऊन पुसली की निघते.

शेकोटी

काच पुसण्याबद्दल सहमत (गार झाल्यावरच, आणि बारीक चाळलेली राख घ्या, खडा असेल तर ओरखडा उठतो). पण हवा बंद करून लाकडं धुमसत ठेवण्याचा सल्ला कृपया कोणी पाळू नका, विशेषतः पहिल्यांदा स्टोव्ह वापरणाऱ्यांनी.

हवा तोडली की लाकूड अर्धवट जळतं. त्यातून दोन गोष्टी होतात. पहिली, डांबरासारखा चिकट थर काचेवर आणि धुराड्याच्या आतल्या बाजूला बसतो. काळी काच ही त्याचीच खूण. जे काचेवर दिसतंय तेच वर धुराड्यात साठतंय. पुढे कधीतरी जोराचा जाळ झाला की तो थर पेट घेतो. विमान घोंघावल्यासारखा आवाज धुराड्यातून आला तर स्टोव्हचं दार आणि हवा बंद करा, दोघंही घराबाहेर पडा आणि अग्निशमन दलाला फोन करा. आत पाणी ओतू नका.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रात्री धुराडं गार पडत गेलं की ओढ कमी होऊन तो खोलीत उतरू शकतो. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं ही लक्षणं. दोघांनाही एकाच वेळी व्हायला लागलं आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरं वाटलं, तर ते प्रवासाच्या शिणामुळे आहे असं समजू नका. खिडक्या उघडा, बाहेर या, मदत बोलवा, पुन्हा आत जाऊन झोपू नका. झोपेत मात्र लक्षणं कळतच नाहीत, म्हणून अलार्म हवाच. धुराचा अलार्म हा वायू ओळखत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्म लागतो. मालकांनी ठेवलेला असला तरी बॅटरीवरचा आपला एक सोबत न्या. बटण दाबून वाजतो का बघा, मागे छापलेली मुदत बघा. स्टोव्हच्या खोलीत, स्टोव्हपासून १ ते ३ मीटरवर ठेवा, पडद्यामागे किंवा खिडकीच्या चौकटीत नको. झोपायची खोली वेगळी असल्याने तिथे दुसरा असला तर उत्तम. आणि बाहेरची कोळशाची शेगडी, विझत आलेली का असेना, उबेसाठी आत आणायची नाही. यात कोणताही अपवाद नाही.

झोपण्याआधी तासभर शेवटचं लाकूड टाका, ते मोकळ्या हवेत जळून लाल निखारे होऊ द्या. मग हवा स्टोव्हच्या पुस्तिकेत लिहिलेल्या किमान खुणेपर्यंत आणा, त्याखाली नाही. धुराड्याची झडप उघडीच. राखेचा २-३ सेंटिमीटरचा थर तळाशी राहू द्या. लाकडाच्या जाळाला तो लागतोच, आणि त्याच्याखाली सकाळपर्यंत थोडे निखारे तग धरतात. नसले तर चिरफळ्या आहेतच, म्हणून तर ४ किलो सांगितल्या.

गारठा

बरोबर आहे. माझा सल्ला मागे घेतो.

पायवाट

फिरण्याबद्दल. पानगळीत वेळ फसवते. विषुवदिनाच्या आसपास, ५० अंश अक्षांशावर, दिवस रोज साडेतीन-चार मिनिटांनी आखूड होतो. आठवड्यात जवळपास २५ मिनिटं. मागच्या महिन्यात कोणी लिहिलेल्या वेळेवर विसंबू नका. काही देशांत याच काळात घड्याळही तासभर मागे जातं. सूर्यास्ताची वेळ त्या तारखेची बघा, त्यातून एक तास वजा करा. त्या वेळेला तुम्ही कॉटेजच्या दारात असायला हवं.

अंतराचा जुना नियम असा की सपाटीला तासाला ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला वर एक तास. १८९२मध्ये विल्यम नेस्मिथने मांडलेला हा हिशेब न थांबता चालणाऱ्याचा आहे. ओल्या पानांच्या वाटेवर दोघांनी रमतगमत जायचं तर दीडपट वेळ धरा. १० किलोमीटर आणि ३०० मीटर चढ म्हणजे नियमाने अडीच तास, तुमचे पावणेचार. पानांच्या थराखाली मुळं, दगड, खड्डे काहीच दिसत नाही, आणि उतारावर खालची ओली पानं पायाखालून गालिचासारखी सरकतात. उतरताना पाऊल छोटं, गुडघा किंचित वाकलेला. डोक्याला लावायचा दिवा प्रत्येकी एक. दोघांत एक असला तर मागचा अंधारातच चालतो. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या, आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते म्हणून फोन आतल्या खिशात. शिकारीचा मोसम असलेल्या भागात भडक नारिंगी कपडे घाला.

रंग बघायचे असतील तर हेही सांगतो. पिवळा रंग पानात आधीपासून असतोच, हरितद्रव्य मोडलं की तो उघडा पडतो. लाल रंग मात्र झाड त्या दिवसांत नव्याने बनवतं, आणि तो स्वच्छ उन्हाचे दिवस आणि गार, पण न गोठणाऱ्या रात्री अशा हवेत सगळ्यात खुलतो. जोराचा वारा-पाऊस एका रात्रीत झाडं मोकळी करतो. डोंगरात रंग वरून खाली उतरत येतात, त्यामुळे वर सगळं गळून गेलं असेल तर दोन-तीनशे मीटर खाली जाऊन बघा.

गोचिडी थंडी पडली की संपल्या असं नसतं. ७ अंशांच्या वर तापमान गेलं की त्या हिंडू लागतात, आणि ओली पानं ही त्यांची आवडती जागा. पँट मोज्यात खोचा. परत आल्यावर एकमेकांची तपासणी करा: गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कानामागे, केसांत. खसखशीच्या दाण्याएवढीही असू शकते. बारीक चिमट्याने कातडीला लागून पकडा आणि सरळ, सावकाश ओढा. तेल, ज्योत, पिळणं यांपैकी काही नको. तारीख लिहून ठेवा. ३ ते ३० दिवसांत लाल चट्टा पसरत गेला किंवा ताप आला तर डॉक्टरांना ती तारीख सांगा.

आणि रानातली अळंबी तोडून आणून शिजवू नका. ॲमॅनिटा फॅलॉइडिस ही जीवघेणी अळंबी पानगळीतच उगवते, दिसायला साधी असते, आणि तिचं विष शिजवून जात नाही. त्रास सुरू व्हायला सहा-बारा तास, कधी जास्तही लागतात. मग मधे एक दिवस बरं वाटतं, आणि तोवर यकृत निकामी होत असतं. फोटो काढून फोनमधल्या ॲपला विचारणं हा उपाय नाही.

आडवाट

निघण्याच्या दिवसाचं राहिलं.

शेवटचं लाकूड निघण्याच्या किमान चार तास आधी. राख त्याच दिवशी उपसू नका, आणि उपसावीच लागली तर झाकणाच्या धातूच्या बादलीत, ती बाहेर, दगडावर किंवा मातीवर, भिंत आणि जळण यांपासून लांब. राखेत दडलेला निखारा दोन-तीन दिवस जिवंत राहतो. वरून हात लावून गार वाटते, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत भरतात आणि तिथूनच आगी लागतात.

खिडक्यांच्या आतल्या बाजूला सकाळी पाणी ओघळलेलं दिसेल. दोघांच्या श्वास-घामातून रात्रीत साधारण अर्धा लिटर पाणी हवेत जातं, ते गार काचेवर बसतं. रोज सकाळी समोरासमोरच्या खिडक्या सात-आठ मिनिटं पूर्ण उघडा. दिवसभर फटभर उघडी ठेवण्यापेक्षा हे बरं. ओली हवा निघून जाते आणि भिंतींची ऊब टिकते. चौकटीतलं पाणी फडक्याने टिपा.

खाण्याचं सगळं पहिल्या रात्रीपासूनच डब्यात किंवा काचेच्या बरणीत, कागदी पुडे गाडीत. या दिवसांत उंदीर ऊब शोधत घरात शिरतात आणि ६ मिलिमीटरची फट त्यांना पुरते.

रात्री पारा शून्याखाली जाण्याचा अंदाज असेल तर मालकांना फोन करून पाणी उतरवायचं का ते विचारा. हो म्हणाले तर हा क्रम: गरम पाण्याच्या टाकीची वीज बंद, पंप बंद, मुख्य कॉक बंद, मग सगळ्यात वरचा नळ उघडा आणि त्यानंतर सगळ्यात खालचा. वरचा आधी उघडला नाही तर नळीत हवा शिरत नाही आणि पाणी अडकून राहतं. टाकीची वीज आधी तोडायला विसरलात तर पाणी उतरल्यावर आतली कॉइल कोरडी तापून जळते. पाण्याची धार थांबली की नळ उघडेच ठेवा आणि सिंकवर चिठ्ठी लावा, म्हणजे पुढे येणारा पंप सुरू करण्याआधी ते बंद करेल.